ताट बघायला गेलेली माणसं

निवडणूक जवळ आली की आमच्या आईला दोन कामं वाढत. एक म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी चुलीवर पिठलं रटरटत ठेवायचं, आणि दुसरं म्हणजे परक्यांच्या चुली बघायला जायचं. पहिलं काम तिनं कधी हसतमुखानं केलं नाही. पीठ संपत आलं की ती रिकामा डबा फरशीवर दणदणा आपटायची. तो आवाज जिन्यावरून खाली दुकानापर्यंत जायचा आणि भाऊंना कळायचं की आता आणखी कुणाला जेवायला वर पाठवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या कामाला मात्र ती हौसेनं निघायची. ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला निघालेल्या साहेबासारखा भाव. मी तिची थट्टा करायचे, तर म्हणायची, "तुझ्या बापाच्या पक्षात मला एवढंच पद आहे, तेवढं तरी मिरवू दे."

भाऊ म्हणजे माझे वडील. सगळा मोहल्ला त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. पैठण गेटच्या अलीकडे आमचं सायकलचं दुकान होतं. वरच्या दोन खोल्यांपैकी पुढची पक्षाची आणि मागची आमची. दिवसभर खालून पंपाची फुसफुस, पान्यांची खणखण आणि भाड्यानं सायकल न्यायला आलेल्या पोरांनी उगाच वाजवलेल्या घंट्या ऐकू यायच्या. वर त्याच वेळी जगाचं काय करायचं यावर वाद चालू असायचा. पक्ष इतका लहान की जिल्ह्याची बैठक पुढच्या खोलीत सहज मावायची. दोन-तीन माणसं जिन्यात बसलेली असायची ती जागा नाही म्हणून नव्हे, तर भाऊंसमोर बिडी ओढता येत नाही म्हणून. त्यांत पहिला मान रशीदचाचांचा. शहागंजात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि पक्षाचे झेंडे तेच शिवायचे. ईदला त्यांच्याकडून नानखलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, यायचा, तो कार्यकर्ते जिन्यातच उभ्याउभ्या फस्त करायचे. आई नाक मुरडून दार लोटून घ्यायची आणि मग हळूच फट ठेवून वास घ्यायची.

भाऊंनी एक गोष्ट पाहिली होती, ती त्यांच्या डोक्यातून आयुष्यभर गेली नाही. रझाकारांच्या काळात ज्यांच्याबरोबर त्यांनी हर्सूलच्या तुरुंगात एका घमेल्यातलं पाणीदार वरण वाटून घेतलं, त्यांतलेच काही जण पोलीस अॅक्शननंतर थोड्याच वर्षांत ओळखू येईनासे झाले. "मी त्यांच्याकडं जेवायला जायचो ना," भाऊ सांगायचे, "तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत झालं. आधी तूप आलं. मग तांदूळ बदलला. मग वाढायला गडी आला. आणि मग ते माझ्याशी बोलताना घड्याळाकडं बघायला लागले." त्यांनी या मंडळींचा तो मोठा पक्ष सोडला, हा लहान पक्ष धरला आणि त्यात एक रीत पाडली. जो कोणी निवडणुकीचं तिकीट मागेल त्याच्या घरी ऐन जेवणाच्या वेळेला, न कळवता, तीन माणसांनी जायचं. दोन पुरुष पंगतीला बसतील, एक बाई चुलीपाशी जाईल. घरात शिजलं असेल ते खायचं आणि परत येऊन बैठकीत सर्वांसमोर सांगायचं. नात्यातल्या माणसानं जायचं नाही. जो नेमला असेल त्यानंच बोलायचं. आणि भाऊंचा सगळ्यात आवडता नियम असा, की पाहिलं तेवढं सांगायचं, त्याचा अर्थ लावायचा नाही. अर्थ लावायला लागलं की माणूस आपल्या माणसाला सांभाळून घेतो, असं त्यांचं म्हणणं.

याला आमच्या पक्षात 'ताट बघणं' म्हणत. बाकीचे पक्ष आम्हाला भुकेलेल्यांचा पक्ष म्हणायचे, तुमचे कार्यकर्ते फुकट जेवायला फिरतात म्हणून हसायचे. हसोत बिचारे. मला त्या रितीचा अजून अभिमान आहे. आज तिकीट देताना घरात डोकावतात ते गाडी कुठली आहे ते बघायला, आणि ती जितकी मोठी तितकं काम सोपं. आमच्या त्या खुळ्या पक्षानं निदान उलट्या बाजूनं बघायला सुरुवात केली होती. आपल्या माणसाला विरोधकांच्या आधी आपणच तपासायचं, एवढं साधं शहाणपण मला पुढं कुठल्या मोठ्या पक्षात दिसलं नाही. पण तपासायचं कसं आणि कुणाला विचारून, हे आम्हाला कळलं नव्हतं, आणि ते कळायला जी किंमत पडली ती आम्ही दिली नाही, दुसऱ्यांनी दिली.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. ज्वारी बाजारातून गेली आणि रेशनवर परदेशातली तांबडी मिलो आली. तिची भाकर थापताना चिरायची आणि गिळताना घसा खरवडायची. आई ती गरम असतानाच आमच्यापुढं टाकायची, कारण गार झाली की दातांनी तुटत नसे. अशा वर्षी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि पाचोडकडच्या जागेसाठी आमच्या पक्षाकडं दोन नावं आली. आजवर आम्हाला एकही जागा मिळाली नव्हती. या खेपेला मिळेल असं पहिल्यांदाच वाटत होतं.

एक नाव मल्हारीचं. पाचोडच्या पलीकडच्या एका वाडीवर मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. चारा नाही म्हणून मेंढरं विकून टाकली होती, आणि आता वाडीतल्या माणसांना घेऊन दुष्काळी कामांवर जायचा. आवाज चढा, डोकं गरम. एकदा मजुरीवरून वाद झाला तेव्हा त्यानं साहेबाची खुर्ची उचलून नाल्यात टाकली होती. बैठकीत तो बोलायला लागला की भाऊ दोन्ही हातांनी त्याला खाली बसायची खूण करायचे. दुसरं नाव माझ्या दत्तूमामाचं, म्हणजे आईच्या पाठच्या भावाचं. मामाची त्याच भागात जमीन, विहीर, नातीगोती. देखणा, हसरा, हाताचा सढळ. मला त्याचा फार लळा होता. तो आला की घर उजळायचं, हे मी आजही नाकारणार नाही. आईचा तर तो जीव. माझ्या जन्माआधी भाऊ तुरुंगात होते, सासरच्यांनी भीतीनं दार लावून घेतलं होतं, तेव्हा हा मिसरूड न फुटलेला पोरगा भर उन्हात बैलगाडीवरून तिला माहेरी घेऊन गेला आणि भाऊ सुटेपर्यंत तिला त्यानं सांभाळलं. आई हे वर्षातून दहादा सांगायची. भाऊ ऐकून घ्यायचे, कारण ते खरं होतं.

मल्हारीकडं आई, रशीदचाचा आणि आणखी एक कार्यकर्ते गेले. आईची पिशवी धरायला म्हणून मीही गेले. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि घरातून बाहेर पडायला मला कुठलंही निमित्त चालायचं. पाचोडपर्यंत एसटी, पुढं पायवाट. वाडी जवळ आली तसा बायकांच्या गाण्याचा आवाज आला आणि मग पुरण शिजल्याचा वास. त्या वर्षी पुरणाचा वास म्हणजे काय, हे आज सांगून कळणार नाही. माझे पाय आपोआप भराभर पडायला लागले. मल्हारीच्या लेकीचं, सोनाचं, डोहाळजेवण होतं. ती माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठी असेल. हिरव्या चोळीत अवघडून बसली होती, आणि मी तिच्याकडं बघितलं की तोंडावर पदर घेऊन हसायची. पुरुषांना बाहेर बसवलं. आई आत चुलीपाशी गेली, मीही मागोमाग. चुलीवर पोळी फुगत होती, वाटीत साजूक तूप होतं. पोळ्या लाटणारी म्हातारी म्हणाली, "खावा बाई, पोटभर खावा. एका घरचं नाय हे. समद्या वाडीनं मिळून केलंय. गहू त्या पाटलाच्या रखमीनं दिला, कुणी गूळ दिला, कुणी गाडगं खरडून तूप दिलं. लेकरू येतंय ना वाडीत." मी ऐकलं. आई माझ्या शेजारी, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. तिनंही ऐकलं. सोनानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली आणि म्हणाली, "शेरात मिळतंय का असलं?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं.

दत्तूमामाकडं आईला जाता येईना, बहीण म्हणून. भाऊंनाही नाही. मग रशीदचाचा गेले, आणि चुलीपाशी जायला बाई हवी म्हणून त्यांच्या घरच्या गेल्या. आम्ही त्यांना खाला म्हणायचो. त्यांच्याबरोबर पक्षाचा आणखी एक जण. मामानं त्यांच्यासमोर मिलोची भाकर आणि लसणाची चटणी ठेवली आणि स्वतःही तेच खायला बसला. मामीनं खालांना मोठ्या मानानं उंबऱ्याशी पाट दिला, पंखा घेऊन वारा घातला, पाणी विचारलं, पण स्वयंपाकघरात काही नेलं नाही. ते कशामुळं हे सगळ्यांना कळत होतं. पक्षात जातपात मानत नव्हतो ना आम्ही, म्हणूनच त्यावर बोलायची कुणाला सवय नव्हती.

बैठकीच्या दिवशी दोन्ही उमेदवार खाली दुकानात सायकलींमध्ये बसले होते. उमेदवारानं वर यायचं नाही हाही नियम. वर खोली गच्च भरलेली. आधी मामाकडं गेलेले बोलले. मिलोची भाकर, चटणी, कांदा. खोलीत पसंतीची कुजबुज झाली. रशीदचाचा म्हणाले, "भाकर तो थी भाऊ. पर एक बात बोलूं क्या? दत्तराव कू वो भाकर चबानाच नई आ रहा था."

भाऊ हसले नाहीत. "चाचा, पाहिलं तेवढं सांगा. अर्थ नको."

"हौ भाऊ. भाकर थी. चटणी थी. बस." चाचा खाली बसले. खाला दाराशी होत्या. त्या म्हणाल्या, "मैं तो चूल्हा देखीच नई." एकानं खोकला काढला आणि भाऊंनी पुढचं नाव घेतलं.

मग आई उभी राहिली. पदर सावरून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "पुरणाच्या पोळ्या होत्या. गव्हाच्या. गूळ होता. वाटीत साजूक तूप होतं." एवढं सांगून ती बसली.

त्या दुष्काळात ते शब्द खोलीत कसे पडले म्हणून सांगू! बरोबर गेलेल्या कार्यकर्त्यानं मान हलवून तेच सांगितलं. रशीदचाचांनीही पोळी खाल्ली होती, पण ते बाहेर पुरुषांत बसले होते, आत म्हातारी काय बोलली हे त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. मी दाराला टेकून वाट बघत होते की आई आता पुढचं सांगेल. ती आपल्या बांगड्यांकडं बघत बसली होती. शेवटी मीच ओरडले, "पण ते सगळ्या वाडीनं मिळून केलं होतं! डोहाळजेवण होतं ते!"

भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, समजुतीनं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "कुसुम, तुला नेमलं नव्हतं. नेमलेल्यानंच बोलायचं. एकाला सूट दिली की उद्या ज्याचा-त्याचा भाचा येऊन साक्ष देईल."

"मग आईला विचारा ना!"

"तिनं पाहिलं ते सांगितलं," भाऊ म्हणाले आणि हात वर करायला लावले. मामाच्या बाजूनं सगळी खोली गेली, रशीदचाचा सोडून. मल्हारीला कारण सांगायला भाऊ स्वतः खाली गेले. मी जिन्यातून बघत होते. मल्हारीनं ऐकून घेतलं, घोंगडी खांद्यावर टाकली. आरडाओरडा करणारा तो माणूस त्या दिवशी एवढंच म्हणाला, "कुनी दिलं ते ज्यांनी खाल्लं त्यांनाच इचारा की, भाऊ," आणि चालू लागला. भाऊंनी विचारलं नाही. इतकी वर्षं मी याचा विचार केला आहे. मला वाटतं, त्यांना विचारायचं नव्हतं. पक्षाची पहिली जागा समोर दिसत होती आणि ती मामाच आणू शकत होता. नियमाच्या आड उभं राहून भाऊंनी त्या दिवशी डोळे मिटून घेतले. ते लबाड नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा नियम लबाडीच्या कामी आला.

त्या दिवशी मागच्या खोलीत मी आईशी कडाकडा भांडले. ती मिलोचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी खोटं बोलले का?" मी म्हटलं, अर्धं बोललीस. तेव्हा तिनं परात बाजूला सारली. "दत्तानं मला दोन वेळेला जेवायला घातलं तेव्हा हा पक्ष कुठं होता? तुझे भाऊ कुठं होते? त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं माझ्याकडं." मामानं तिच्याकडं नेमकं काय मागितलं होतं, निरोप आला होता की तो स्वतः आला होता, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मामा निवडून आला. पैठण गेटपासून गुलालानं रस्ता लाल झाला, भाऊंना लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि आईनं भावाला ओवाळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. त्यानंतर काही महिन्यांनी मामा तुपाचा डबा घेऊन आला. निवडून आलेल्याकडून घरात काही घ्यायचं नाही असा नियम होता, म्हणून भाऊंनी डबा परत त्याच्या हातात दिला. मामा हसला, "दाजी, बहिणीला माहेरचं आणलंय." भाऊंनी सहज विचारलं, "दत्तराव, गावोगावची जनावरं छावणीत मरायला टेकली आहेत. तुमच्या म्हशी तूप देण्याइतकं खातात तरी काय?" मामा म्हणाला, कडबा. कडबा तर औषधालाही मिळत नव्हता. डबा परत गेला, पण तो प्रश्न आमच्या घरात तसाच राहिला. आई त्या दिवसापासून मामाचं नाव कमी काढायला लागली.

मग एका सकाळी मल्हारी दुकानासमोर येऊन उभा राहिला, बरोबर वाडीतली काही माणसं. चालत आले होते, पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे. तो वर आला नाही. भाऊ पंक्चर काढत होते, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा मेंबर लेकरांची सुकडी म्हशीला घालतोय." सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या आयांना आणि लेकरांना सरकारकडून मिळायचा तो गोड, पिठूळ खाऊ. त्या वर्षी कित्येक लेकरं केवळ त्यावर जगली. पाचोडकडच्या कामांवर ती वाटायची व्यवस्था मेंबर म्हणून मामाकडं होती. भाऊंनी विचारलं, कशावरून. मल्हारी म्हणाला, "या तिकडं कामावर. आमच्या तोंडानं ऐका. तुमचं ते ताट बघायला येऊ नगा आता, ताटात कायबी नाय." मग उठता उठता, जणू आत्ताच आठवलं तसं, म्हणाला, "सोनीचं लेकरू गेलं."

भाऊ जायला निघाले तेव्हा आई लुगडं बदलायला गेली नाही. होती तशीच निघाली. भाऊ म्हणाले, "तू नात्यातली आहेस, तुला येता येणार नाही." मी तिला भाऊंशी त्या आवाजात बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. रशीदचाचांनी दुकान बंद केलं आणि तेही आले, मागोमाग मीही. पाचोडला एसटीतून उतरल्यावर आई एकटीच माहेरच्या वाटेला लागली. आम्हाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं."

खडी फोडण्याच्या कामाचा आवाज लांबूनच यायला लागतो. शेकडो हातोड्या, आणि एकही दुसरीबरोबर पडत नाही. माळावर झाड नव्हतं. बायका डोक्यावर ओला फडका टाकून रांगेनं बसलेल्या, शेजारी लेकरं धुळीत पडलेली. रडणाऱ्या लेकरांचं मला काही वाटलं नाही, पण तिथली बरीचशी रडतच नव्हती. सोना रांगेच्या टोकाला होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. भाऊंनी मामाला बोलावणं धाडलं होतं. तो जीपमधून आला, भाऊंच्या पाया पडला आणि म्हणाला, "दाजी, असं उघड्यावर कशाला? कार्यालयात बसू, चौकशी करू." भाऊ खडीच्या ढिगावर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "पक्षाची चौकशी इथंच होणार. आज नेमलेलं कुणी नाही. ज्याला वाटेल त्यानं बोलावं. अर्थासकट बोलावं."

मग एक म्हातारी बोलली, तीच पोळ्या लाटणारी. मग दुसरी. आधी सुकडी रोज यायची, मग एक दिवसाआड, मग गाडी यायची पण पोती उतरायची नाहीत. मुकादम सांगायचा, वरूनच आली नाही. बोलताना हातोडी कुणी थांबवत नव्हतं, कारण खडीचं माप भरलं नाही तर मजुरी कापली जायची. मामा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दाजी, ही माणसं मल्हारीची. तिकीट गेलं त्याचा राग काढतायत. माझ्या गोठ्यात कुणी पाहिलं?"

"म्या पायलं," मागून आवाज आला. आई आली होती. शहरात इतकी वर्षं काढून तिनं घासूनपुसून नीट केलेली भाषा माहेरच्या मातीत पाय ठेवताच गळून पडली होती. "आत्ताच गोठ्यात जाऊन आले. गव्हाणीत सुकडी हाय. पोती रचून ठिवलीत, वरून कडब्याचं चगाळ टाकलंय."

मामाचा चेहरा उतरला. "आक्का, घरचं घरात बोलू."

"घरचंच बोलते. तुझ्यासाठी म्या या मानसाचं तिकीट घालवलं." तिनं मल्हारीकडं हात केला, आणि मग सगळ्या बायकांकडं तोंड करून म्हणाली, "तुमी घराघरातून काढून मला पोळी घातली. म्या पोळी सांगितली, तुमी ती कशी घातली ते सांगितलं नाय. माझ्या कानांनी ऐकलं होतं तरी नाय." भाऊ तिच्याकडं बघत राहिले. तिनं ऐकूनही दडवलं हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं, आणि ते माझ्याकडं वळले तेव्हा मला त्यांची कीव आली. मला वाटलं होतं, असा दिवस आला की मला आनंद होईल. कसला आनंद!

कुणीतरी सोनाला म्हणालं, तू बोल गं, तुझं तर लेकरू गेलं. तिनं मान वर केली नाही. दगड पायाच्या बोटांनी नीट धरला, फोडला, दुसरा ओढला. "म्या काय बोलू," ती म्हणाली. "दूधच आलं नाय."

भाऊ उभे राहिले. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं की दत्तराव आजपासून पक्षात नाहीत, त्यांनी जागेचा राजीनामा द्यावा, आणि गोठ्यातल्या पोत्यांची तक्रार पक्ष स्वतः करील. पक्षाची एकुलती एक जागा होती, ती त्यांनी स्वतःच्या हातानं सोडली, आणि ती ज्याच्यामुळं मिळाली तो त्यांचा मेहुणा होता. हे करायला काळीज लागतं. मी नंतर पुष्कळ पुढारी पाहिले, विरोधकाच्या घोटाळ्यावर तासभर बोलणारे. आपल्या माणसाचा घोटाळा त्याच्याच लोकांत उभं राहून सांगणारा पुन्हा पाहिला नाही. पुढं भाऊंनी रीत बदलली. उमेदवाराच्या घरी जाणं बंद झालं. त्याच्याकडं ज्यांचं काम पडतं, ज्यांचं त्याच्याशी वाकडं आहे, जे त्याच्या मजुरीवर आहेत, त्यांना विचारायचं, आणि बायकांना बायकांनी विचारायचं. निवडून आल्यावरही दर वर्षी विचारायचं. सगळं बरोबर होतं. पण लोकांना आमच्या पक्षाचं नाव घेतलं की सुकडीच आठवायची, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्या दिवशी मामानं पायाला लागलेली धूळ झटकली. तो रागावलासुद्धा नाही. "पक्ष तुमचा, दाजी," तो म्हणाला, "जागा माझी. कायद्यानं ती कुणी काढून घेत नाय." आणि जीपमध्ये बसला. आठवडा उलटायच्या आत दुसऱ्या, मोठ्या पक्षानं त्याला हार घातला. आईनं त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी ती सकाळपासून डोकं दुखतंय म्हणून निजून राहायची, पुढं मरेपर्यंत.

जीप गेली. धूळ खाली बसली. रशीदचाचा पाण्याची घागर घेऊन रांगेतून फिरत होते. भाऊ अजून उभेच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मला आठवतं, एक प्रकारचं समाधान होतं, अवघड काम पार पडल्याचं. मल्हारी त्यांच्यापाशी आला.

"काढलं त्याला. लई बरं झालं, भाऊ."

"पुढच्या निवडणुकीला तू," भाऊ म्हणाले.

"पुडचं पुडं," मल्हारी म्हणाला. "आज सांजच्याला लेकरांच्या तोंडात काय घालू, ते सांगा."

भाऊंनी आईकडं पाहिलं, आईनं माळाकडं. मुकादमानं ओरडून सभा संपल्याचं सांगितलं. त्या गोठ्यातली पोती उचलायला सरकारी माणूस यावा म्हणून भाऊ कितीतरी दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसले. रोज सकाळी दुकान न उघडता जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. शेवटी पोती उचलली, सुकडी पुन्हा वाटायला लागली. तोवर वाडीतलं आणखी एक लेकरू गेलं होतं. ते आम्ही मामाला पक्षातून काढल्यानंतर गेलं.